विकृतिशास्त्रज्ञाचा मार्ग आणि फुप्फुसाचा कर्करोग

लातूर आणि नांदेड या दोन नगरांची ख्याती गेल्या काही दशकांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीची स्थाने म्हणून सबंध महाराष्ट्रात पसरली आहे. उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूर, किनवट अशा तालुक्यांच्या गावांहून मुले-मुली येथे येतात, भाड्याच्या खोल्यांत आणि वसतिगृहांत राहून जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचा अखंड व्यासंग करतात, आणि त्यांतील पुष्कळ जण पुढे डॉक्टर होतातही. परंतु या मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या मनात डॉक्टराचे जे चित्र असते ते बहुधा शस्त्रक्रिया करणाऱ्याचे किंवा दवाखान्यात रुग्ण तपासणाऱ्याचे असते. रुग्णालयाच्या एखाद्या बाजूच्या इमारतीत सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून बसणाऱ्या, ज्याचे तोंडही रुग्णाला सहसा दिसत नाही अशा विकृतिशास्त्रज्ञाचे चित्र त्यात क्वचितच असते. वास्तविक रोगाला नाव देण्याचा अखेरचा अधिकार कर्करोगाच्या बाबतीत याच मनुष्याकडे असतो, आणि कर्करोगाविषयीच्या ज्ञानाचा फार मोठा भाग याच टेबलावरून निघालेला आहे. त्यातही फुप्फुसाच्या कर्करोगाचा इतिहास असा आहे की, विकृतिशास्त्रज्ञाने एकेका काचपट्टीचा निकाल देता देता संशोधनाच्या क्षेत्रात पाऊल कसे टाकले, हे त्यात टप्प्याटप्प्याने पाहावयास मिळते. हा मार्ग कसा घडला, आज तो कोठून कोठे जातो, आणि मराठवाड्यातील विद्यार्थ्याने तो का धरावा, याचे निवेदन करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या शास्त्राचे नित्यकर्म काय असते ते पाहू. खोकला, वजनातील घट, थुंकीतून पडणारे रक्त आणि क्ष-किरण चित्रात दिसणारी छाया, ही लक्षणे घेऊन एखादा शेतकरी किंवा शेतमजूर तालुक्याच्या रुग्णालयात येतो, तेव्हा आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा घेतला जातो, आणि क्षयाचे प्रमाण ध्यानी घेता तो संशय अनाठायीही नसतो. तथापि हीच लक्षणे आणि जवळजवळ अशीच छाया फुप्फुसाच्या कर्करोगातही आढळते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडलेले नसतानाही केवळ छायेवरून क्षयाचे औषध सुरू व्हावे, त्यात काही महिने जावेत, आणि गुण येत नाही म्हणून पुढच्या तपासण्या होईपर्यंत रोग शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर जावा, असा अनुभव भारतातील अनेक छातीरोगतज्ज्ञांनी आपल्या लेखांतून नमूद केलेला आहे. या दोन रोगांतील भेद निर्विवादपणे ठरविण्याचा उपाय एकच असतो : दुर्बिणीने श्वासनलिकेतून किंवा सुईने छातीच्या भित्तीतून ऊतकाचा तुकडा काढावयाचा आणि तो विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवावयाचा.

हा तुकडा पुष्कळदा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. तो काढल्याबरोबर दहा टक्क्यांच्या बफरयुक्त फॉर्मॅलिनमध्ये टाकावा लागतो. मिठाच्या पाण्यात टाकला तर पेशी सडू लागतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. फॉर्मॅलिनमध्ये तो निदान ६ तास राहिला पाहिजे, आणि ७२ तासांहून अधिक राहता कामा नये. कारण मुदत कमी पडली तर ऊतक नीट स्थिर होत नाही, आणि मुदत उलटून गेली तर पुढे त्यातील प्रथिनांची व डीएनएची तपासणी बिघडते. तालुक्याच्या ठिकाणाहून एस.टी.च्या गाडीने किंवा नातेवाइकाच्या पिशवीतून जिल्ह्याला येणाऱ्या बाटलीवर तुकडा काढल्याची वेळ लिहिलेली असणे ही क्षुल्लक वाटणारी बाब म्हणूनच महत्त्वाची ठरते. त्यानंतर ऊतकातील पाणी काढून त्याच्या जागी मेण भरतात, त्याची वडी म्हणजे ब्लॉक तयार करतात, मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात, आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या दोन रंगांनी ते रंगवतात. पेशीचे केंद्रक निळे आणि भोवतालचा भाग गुलाबी दिसू लागतो. मग विकृतिशास्त्रज्ञ काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. मधोमध मृत पदार्थ, भोवती लांबट पेशींचे कडे आणि अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसल्या, तर तो क्षयाकडे झुकतो आणि जंतूंसाठी वेगळा रंग देऊन पाहतो. उलट, विस्कटलेल्या रचनेच्या, आकाराने कमीजास्त, गडद केंद्रकांच्या आणि मर्यादा ओलांडून भोवतालच्या भागात शिरलेल्या पेशी दिसल्या, तर तो कर्करोग म्हणून लिहितो. दोन्ही रोग एकाच फुप्फुसात एकत्र नांदत असण्याचाही संभव असतो, म्हणून एक सापडला की शोध थांबवावयाचा नाही, हा या शास्त्राचा शिरस्ता आहे.

एवढ्याने निदान होते. संशोधन कोठे सुरू होते? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फुप्फुसाचा प्राथमिक कर्करोग हा इतका दुर्मीळ रोग मानला जात होता की, १९१२ साली आयझॅक ॲडलर या न्यूयॉर्कच्या वैद्याने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तेव्हा अशा विषयावर ग्रंथ लिहिणे सयुक्तिक आहे काय, असा प्रश्न त्याने प्रस्तावनेत स्वतःलाच विचारला होता. या दुर्मीळतेचा काही भाग रोग खरोखरच कमी असण्याचा होता, आणि काही भाग तो ओळखला जात नसण्याचा होता. छातीच्या मध्यभागी वाढणाऱ्या आणि ओटच्या दाण्यासारख्या लहान पेशींनी बनलेल्या एका गाठीला त्या काळी त्या भागातील लसीकाग्रंथींचा निराळा रोग समजत असत. १९२६ साली डब्ल्यू. जी. बार्नार्ड या इंग्रज विकृतिशास्त्रज्ञाने अशा गाठींचे बारकाईने अवलोकन करून दाखवून दिले की, तो फुप्फुसातच उगम पावणारा कर्करोग आहे. आज ज्याला लघुपेशी कर्करोग म्हणतात तो हाच. बार्नार्डने नवे उपकरण शोधले नव्हते. सर्व जण पाहत आले होते तेच त्याने अधिक चिकाटीने पाहिले, आणि नावात चूक आहे हे सप्रमाण मांडले.

निदान अचूक असण्यावर पुढचे सगळे शास्त्र कसे अवलंबून असते, याचे उदाहरण १९५० सालच्या एका सुविख्यात अभ्यासात मिळते. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि तितकेच अन्य रुग्ण यांच्या धूम्रपानाच्या सवयींची तुलना केली, आणि धूम्रपान व हा रोग यांचा संबंध दाखविला. या अभ्यासातील एक तपशील सामान्यतः विसरला जातो. प्रथम फुप्फुसाचा कर्करोग म्हणून ज्यांची नोंद झाली, परंतु पुढे ज्यांना तो रोग नसल्याचे निष्पन्न झाले, अशा रुग्णांच्या सवयी त्यांनी वेगळ्या काढून पाहिल्या. त्या कर्करोगाच्या रुग्णांशी न जुळता इतर रुग्णांशी जुळल्या. प्रश्न विचारणाऱ्यांच्या पूर्वग्रहाने हा निष्कर्ष निघाला असेल, ही शंका यामुळे बव्हंशी दूर झाली. निदानाची खातरजमा झालेली नसती तर ही परीक्षाच शक्य नव्हती.

मात्र लोकसंख्येच्या अभ्यासातून संबंध दिसला, तरी धुराने फुप्फुसात नेमके काय होते हे दाखविणे बाकी होते, आणि ते काम करणारा मनुष्य क्षयाच्या अभ्यासातून आलेला होता, ही गोष्ट मराठवाड्यातील वाचकाने विशेष लक्षात ठेवावी. ऑस्कर ऑरबाक हा अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू या क्षयरुग्णालयात काम करीत असे; क्षयाने मृत्यू पावलेल्यांची फुप्फुसे तपासण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली. पुढे न्यू जर्सी राज्यातील ईस्ट ऑरेंज येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात असताना त्याने आपले तेच कौशल्य निराळ्या प्रश्नाकडे वळविले. शवविच्छेदनात मिळालेल्या श्वासनलिकांचे शेकडो ठिकाणचे काप तो क्रमाने घेई. काचपट्ट्यांवर केवळ क्रमांक असत, त्यामुळे समोरची काचपट्टी धूम्रपान करणाऱ्याची की न करणाऱ्याची, हे तपासणाऱ्यास ठाऊक नसे. अमेरिकन कर्करोग संस्थेचे संख्याशास्त्रज्ञ कायलर हॅमंड यांच्या साह्याने १९६१ साली त्याने ४०२ पुरुषांच्या श्वासनलिकांचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात असे दिसले की, धूम्रपान जितके अधिक तितकी श्वासनलिकेच्या आवरणावरील रोमक गळून जाण्याची, तळाच्या पेशींचे थर वाढण्याची आणि विकृत केंद्रकांच्या पेशी आढळण्याची प्रवृत्ती अधिक होती. ज्यांना कर्करोग झालेला नव्हता त्यांच्या श्वासनलिकांतही ही वाटचाल सुरू झालेली दिसत होती. कर्करोग एकाएकी प्रकट होत नसून पेशी पायऱ्यापायऱ्यांनी बिघडत जातात, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता, आणि अमेरिकेच्या सर्जन जनरलने १९६४ च्या जानेवारीत धूम्रपानाविषयी जो सुप्रसिद्ध अहवाल जाहीर केला, त्यात या पुराव्याचा आधार घेतला गेला. क्षयाच्या फुप्फुसांवर शिकलेला डोळाच कर्करोगाच्या फुप्फुसांवर उपयोगी पडला. ज्या प्रदेशात क्षय विपुल आहे तेथील विकृतिशास्त्रज्ञाला स्वतःच्या भांडवलाचा विचार करताना हे उदाहरण नजरेआड करता येणार नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा निर्देश करतात ते डॉ. वसंत रामजी खानोलकर १८९५ साली जन्मले, लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील एम.डी. होऊन परतले, आणि मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. अध्यापकाच्या जागेवरून कर्करोगाच्या क्षेत्रात आलेल्या या मनुष्याने प्रथम जे केले ते अगदी साधे होते : रुग्णाच्या कर्करोगाचे स्थान आणि प्रकार यांच्याबरोबर त्याचा प्रांत, समाज, आहार आणि सवयी यांची नोंद घ्यावयाची. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात भारतातील तीन विशिष्ट कर्करोग त्यांनी सवयींशी जोडून दाखविले : खालच्या ओठाच्या आत खैनी ठेवणाऱ्यांचा कर्करोग, पेटती बाजू तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग, आणि धोतर वा साडी कमरेला घट्ट बांधल्याने सतत घासल्या जाणाऱ्या त्वचेचा कर्करोग. १९५५ साली सांघवी व राव यांच्यासमवेत त्यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचे कर्करोग यांचा संबंध आकडेवारीने मांडला, तो निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. १९५२ मध्ये स्थापन झालेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. तेथे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या पेशीशास्त्रज्ञांनी ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा चालविली. हीच परंपरा पुढे टाटा स्मारक केंद्रात विलीन होऊन आज खारघर येथील ॲक्ट्रेक या संशोधनसंस्थेत नांदत आहे.

खानोलकरांचे क्षेत्र मुख्यतः तोंडाचा कर्करोग हे होते, फुप्फुसाचा नव्हे. तथापि फुप्फुसाच्या कर्करोगाचा भारतातील अभ्यास ज्या पायावर उभा राहिला तो पाया त्यांच्याच पद्धतीचा आहे. १९६३ साली डॉ. दाराब जस्सावाला यांच्या प्रयत्नाने भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोगनोंदणी सुरू केली, आणि १९७९ मध्ये जस्सावाला व जैन यांनी बृहन्मुंबईतील फुप्फुसाच्या कर्करोगाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यावरून सिद्ध झाले की, बिडीचा धोका सिगारेटच्या धोक्याहून यत्किंचितही कमी नाही. किनवट-माहूरच्या जंगलातील तेंदूपत्ता आणि शेजारच्या तेलंगणातील व सोलापुरातील बिडीउद्योग यांमुळे ज्या भागात बिडी ही स्वस्त व निरुपद्रवी वस्तू समजली जाते, तेथे हा निष्कर्ष घरोघरी पोहोचावयास हवा होता.

विकृतिशास्त्रज्ञाच्या कामाचे स्वरूप मात्र यानंतर पालटत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने नॉर्वेचे विकृतिशास्त्रज्ञ क्रायबर्ग यांच्या संपादनाखाली १९६७ मध्ये फुप्फुसाच्या गाठींचे पहिले वर्गीकरण प्रसिद्ध केले. शल्की, ग्रंथिल, लघुपेशी आणि बृहत्पेशी असे ठळक प्रकार त्यात सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावरून ठरत. कित्येक वर्षे वैद्यांच्या दृष्टीने लघुपेशी की अन्य एवढाच भेद व्यवहारात पुरेसा होता, कारण उरलेल्या सर्वांवर उपचार जवळपास सारखेच होते. मग काही औषधे शल्की कर्करोगात निरुपयोगी किंवा घातक ठरतात असे आढळले, तेव्हा शल्की आणि ग्रंथिल यांतील भेद सुईच्या लहानशा तुकड्यावरही नेमका सांगणे भाग पडले. टीटीएफ-१ आणि पी-४० या प्रथिनांचे प्रतिपिंडांच्या साह्याने दिलेले रंग त्यासाठी प्रचारात आले. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांच्या गटांनी दाखविले की, काही ग्रंथिल कर्करोगांत ईजीएफआर नावाच्या प्रथिनाच्या जनुकात विशिष्ट उत्परिवर्तन झालेले असते, आणि अशाच रुग्णांना गेफिटिनिबच्या गोळ्यांचा ठळक गुण येतो. २००७ मध्ये जपानच्या हिरोयुकी मानो यांच्या गटाने एएलके या जनुकाचे दुसऱ्या जनुकाशी झालेले संयोग शोधून काढले, त्यावरही पुढे गोळ्या निघाल्या. या घटनांनी विकृतिशास्त्रज्ञाच्या निकालपत्राचे महत्त्व वाढले. पूर्वी त्यावर रोगाचे नाव असे. आता कोणते औषध चालेल याचाही निर्णय त्यावर अवलंबून राहू लागला. तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यातून नाव ठरवावयाचे, प्रथिने तपासावयाची आणि डीएनएही काढावयाचे असल्याने, कोणता काप कशासाठी खर्च करावयाचा याची काटकसर करणे ही त्याची नवी जबाबदारी झाली.

या नव्या ज्ञानात महाराष्ट्राने भर घातली आहे. टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांनी २०१३ मध्ये भारतीय वंशाच्या ९०७ रुग्णांच्या ग्रंथिल कर्करोगाची तपासणी प्रसिद्ध केली, तीत सुमारे २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरचे उत्परिवर्तन आढळले. हे प्रमाण युरोपीय लोकांत आढळणाऱ्या प्रमाणाहून अधिक व पूर्व आशियातील प्रमाणाहून कमी आहे. अशा उत्परिवर्तनाच्या ३५० रुग्णांवर याच संस्थेने केलेल्या दुसऱ्या चाचणीत गेफिटिनिबला रासायनिक उपचारांची जोड दिली असता रोग पुढे सरकेपर्यंतचा मध्यक कालावधी ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. परदेशातील संशोधनाचे निकाल आपल्या रुग्णांना जसेच्या तसे लागू पडतील असे धरून चालता येत नाही. ते आपल्याच ब्लॉकांवर आणि आपल्याच रुग्णांवर पडताळावे लागतात, असा या दोन्ही अभ्यासांचा बोध आहे.

आता विद्यार्थ्याने हा मार्ग कसा चालावयाचा ते पाहू. एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षात विकृतिशास्त्र हा विषय येतो, आणि बहुतेक विद्यार्थी त्यास परीक्षेपुरता कंठस्थ करण्याचा विषय समजतात. ज्याला काचपट्टी पाहताना अमुक एक पेशी अशी का दिसते हा प्रश्न पडतो, त्याने आपली वाट त्या वर्षातच ओळखावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९ पासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती देत आली आहे; दोन महिन्यांच्या अशा लहान प्रकल्पातून प्रश्न मांडणे, मसुदा लिहिणे, नीतिसमितीची परवानगी घेणे आणि मुदतीत अहवाल देणे यांचा पहिला धडा मिळतो. पदवी व आंतरवासिता संपल्यावर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतून विकृतिशास्त्रातील एम.डी. ही तीन वर्षांची पायरी येते. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थान, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व तेथील शासकीय कर्करोग रुग्णालय, अशी ही शृंखला याच प्रदेशात उपलब्ध आहे.

एम.डी.साठी प्रबंध लिहावा लागतो, आणि येथेच बहुतेकांचा मार्ग फुटतो. प्रबंध म्हणजे पदवीसाठी भरावयाचा एक अर्ज असे जो समजतो, तो तीन वर्षांनी चांगला निदानकर्ता होऊन खासगी प्रयोगशाळेत जातो, आणि समाजाला त्याचीही गरज आहेच. परंतु आपल्या विभागाच्या कपाटात दहा-पंधरा वर्षांतील फुप्फुसाच्या बायोप्सींचे जे ब्लॉक पडून असतात त्यांच्याकडे जो जिज्ञासेने पाहतो, त्यास तेथे एक दफ्तरखाना दिसू लागतो. महसुलाच्या जुन्या दफ्तरात जसा एखाद्या जमिनीचा फेरफार पिढ्यानंतरही शोधून काढता येतो, तसे मेणात बसविलेले ऊतक दशकांनंतरही काढून तपासता येते. त्यातील प्रथिने रंगविता येतात, त्यातून डीएनए वेगळे करता येते. मात्र त्यास दोन अटी आहेत : ऊतक आरंभी नीट स्थिर केलेले असले पाहिजे, आणि नोंदवहीत रुग्णाचे वय, गाव, व्यवसाय, धूम्रपान आणि पुढील उपचारांचा परिणाम लिहिलेला असला पाहिजे. नोंदवहीतील रिकामा रकाना हा संशोधनाचा कायमचा तोटा असतो, तो मागाहून कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही.

यापुढे टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थांत कर्करोगाच्या विकृतिशास्त्राची अधिछात्रवृत्ती किंवा डी.एम. ही अतिविशिष्ट पदवी, त्यानंतर एखाद्या अवयवसमूहात, उदाहरणार्थ छातीच्या रोगांत, दीर्घकाळ काम, आणि इच्छा असल्यास आण्विक जीवशास्त्रातील पीएच.डी., असा क्रम लागतो. हा मार्ग लांब आहे. वयाची तिशी सहज उलटते, मिळकत शस्त्रक्रिया करणाऱ्या सहाध्यायीच्या मानाने कमी असते, आणि बरा झालेला रुग्ण आभार मानावयास येत नाही, कारण त्यास या माणसाचे नावही ठाऊक नसते. संख्याशास्त्राची जाण, लेखनाचा सराव, छातीरोगतज्ज्ञ, क्षकिरणतज्ज्ञ व कर्करोगतज्ज्ञ यांच्याशी आठवड्याच्या बैठकीत एकेका रुग्णावर सविस्तर विचारविनिमय करण्याची सवय, या गोष्टी पाठ्यपुस्तकात नसल्या तरी संशोधकास अनिवार्य आहेत. आणि या सर्वांच्या मुळाशी एक गुण असावा लागतो, तो म्हणजे खात्री नसताना तसे लिहिण्याचे धैर्य. निदान अनिश्चित असता ते निश्चित म्हणून लिहिले, तर त्या एका रुग्णाचे नुकसान होते. आणि तीच नोंद पुढे अभ्यासात शिरली, तर अनेकांचे होते.

मराठवाड्याने हा मार्ग अनुसरावा असे म्हणण्यास केवळ अभिमान हे कारण नव्हे. येथे असे प्रश्न आहेत की ज्यांचे उत्तर अन्यत्र बसून मिळणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करीत होते, परंतु ती ओढणारे केवळ ३.८ टक्के होते. बहुसंख्य लोक ती चघळतात. टाटा स्मारक रुग्णालयातून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे जवळपास निम्मे रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले आढळले. मग त्यांना रोग कशाने झाला? बाहेरील हवेच्या प्रदूषणास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये निश्चित कर्करोगकारकांत घातले. स्फटिकी सिलिकाची धूळ त्यापूर्वीच त्या यादीत होती, आणि घरातील लाकूडफाट्याच्या धुरास तिने संभाव्य कर्करोगकारक ठरविले आहे. खडी फोडणारे मजूर, काटक्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांवर वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया, पूर्वी क्षय होऊन गेलेले रुग्ण, बिडी ओढणारे वृद्ध शेतकरी, असे सगळे गट लातूर-नांदेडच्या ग्रामीण भागात एकत्र राहतात. यांच्या कर्करोगाचे प्रकार आणि जनुकीय बदल एकसारखे आहेत की वेगळे, हे सांगण्यासाठी त्यांचा इतिहास जाणणारा आणि त्यांच्या ऊतकावर हात असणारा विकृतिशास्त्रज्ञ येथेच असला पाहिजे. आज परिस्थिती अशी आहे की, ऐपत असलेला रुग्ण नांदेडहून देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबई गाठतो, कोणी हैदराबादला जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचे ऊतक व त्याची माहितीही या प्रदेशाबाहेर जाते. ज्याची ऐपत नाही त्याची नोंद कोठेच होत नाही.

असे काम ग्रामीण भागात होऊ शकते काय, या शंकेला शेजारच्या बार्शीने उत्तर दिलेले आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून बार्शी तालुका आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके मिळून ग्रामीण भागातील कर्करोगनोंदणी चालविली, आणि तिच्या कर्मचाऱ्यांनी गावोगाव फिरून रोगाची नोंद घेतली. पुढे याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे १९८२ साली ज्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला त्या जिल्ह्यात, १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी झाली, आणि त्यास कारणीभूत असणाऱ्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हा तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध होऊन जगभरच्या आरोग्यधोरणांवर परिणाम करून गेला. या प्रयत्नांची मदार मोठ्या इमारतींवर नव्हती. ती नेमकेपणाने घेतलेल्या नोंदींवर आणि प्रयोगशाळेत होणाऱ्या निदानाच्या विश्वसनीयतेवर होती.

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत असेच काही घडावयाचे, तर जिल्हा व तालुका रुग्णालयांत फॉर्मॅलिनच्या बाटल्या व वेळ लिहिण्याची पद्धत यांपासून आरंभ केला पाहिजे, क्षयाच्या उपचाराने गुण न येणाऱ्या रुग्णाची बायोप्सी किती दिवसांत व्हावी याची मुदत ठरली पाहिजे, या प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या विकृतिशास्त्र विभागांनी एकाच नमुन्याची नोंदवही ठेवून दरवर्षी आपापले ब्लॉक व आकडे एकत्र आणले पाहिजेत, आणि एम.डी.च्या प्रबंधांचे विषय योगायोगावर न सोडता या प्रश्नांतून निवडले गेले पाहिजेत. २०२२ साली जगभरात या रोगाचे सुमारे २४.८ लाख नवे रुग्ण आणि १८ लाख मृत्यू अंदाजिले गेले. कर्करोगांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हाच ठरला. त्या संख्येत आपल्या जिल्ह्यांचा वाटा किती आणि त्याचे स्वरूप काय, हे सांगू शकेल असा अभ्यासक निर्माण करणे हे लातूर आणि नांदेड येथील शिक्षणसंस्थांच्या सामर्थ्याबाहेरचे मुळीच नाही. जी नगरे दरवर्षी शेकडो डॉक्टर घडवितात, त्यांतून काही थोड्यांनी तरी निदानाच्या टेबलावर बसून आपल्याच लोकांच्या रोगाचा मागोवा घ्यावा, आणि त्यांच्या पालकांनी व शिक्षकांनी त्या निवडीस कमी लेखू नये. रुग्णास योग्य उपचार मिळण्याची पहिली अट त्याच्या रोगाचे खरे नाव वेळेवर ठरणे ही आहे. आणि ते नाव ठरविणाऱ्याने स्वतःच्या निदानांचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवला, तरच पुढच्या रुग्णाचे निदान आजच्याहून लवकर आणि अधिक अचूक होईल.